कप्तानाचं वय छत्तीस

एका जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत. तर कप्तानाचं वय किती?

फ्रान्समधल्या ग्रेनोबल शहरात गणिताच्या अध्यापनावर संशोधन करणारी ‘इरेम’ नावाची संस्था आहे. १९७९ च्या सुमारास तिने हा प्रश्न सात ते नऊ वर्षांच्या, म्हणजे आपल्याकडच्या दुसरी-तिसरीतल्या, ९७ मुलांपुढे ठेवला. त्यातल्या ७६ मुलांनी दिलेले आकडे वापरून वय काढून दिलं. पुढे स्टेला बारुक या गणितशिक्षिकेने १९८५ मध्ये याच प्रश्नाचं नाव देऊन आख्खं पुस्तक लिहिलं, आणि ‘कप्तानाचं वय’ हा शिक्षणशास्त्रातला एक प्रकारच होऊन बसला.

हे ऐकल्यावर बहुतेकांच्या तोंडून एकच वाक्य निघतं: मुलं डोकं वापरत नाहीत. तपास इथे थांबवला तर हाती काही लागत नाही. कुठल्याही आठ वर्षांच्या मुलाला मैदानात गाठून विचारा, शेळ्या मोजल्या की माणसाचं वय कळतं का रे? ते हसेल. म्हणजे समज आहे. तरी वहीत ३६ आहे. मधे काहीतरी गृहीत धरलं गेलं आहे, आणि ते कप्तानाबद्दल नाही, शेळ्यांबद्दलही नाही.

आधी आकडे पाहू

हा विनोद मुळात इरेमचा नाही. फ्रेंच कादंबरीकार गुस्ताव्ह फ्लोबेरने १८४० च्या दशकात आपल्या बहिणीला, कॅरोलिनला, एका पत्रात तो लिहिला होता. तू भूमिती आणि त्रिकोणमिती शिकते आहेस ना, मग घे एक उदाहरण, अशी सुरुवात. जहाज बॉस्टनहून निघालं आहे, २०० टनांचं आहे, मोठी डोलकाठी मोडली आहे, १२ प्रवासी आहेत, घड्याळात सव्वातीन वाजले आहेत, महिना मे आहे. कप्तानाचं वय सांग.

फ्लोबेरच्या या रूपात सहसा कोणी फसत नाही. २००, १२ आणि सव्वातीन यांचं करायचं काय, हेच सुचत नाही. इरेमच्या रूपात मात्र फक्त दोन आकडे उरतात. चारही क्रिया करून बघा: २६ + १० = ३६. २६ − १० = १६. २६ × १० = २६०. २६ ÷ १० केलं तर बाकी उरते. कप्तान सोळा वर्षांचा नसतो, दोनशे साठचा तर नाहीच. चारातली एकच क्रिया कप्तानाला शोभेल असं वय देते, आणि ती मुलांना सगळ्यात आधी शिकवलेली असते.

हा योगायोग नव्हता, हे त्याच संस्थेच्या पुढच्या प्रश्नांवरून कळतं. कळपात १२५ मेंढ्या आणि ५ कुत्रे, मेंढपाळाचं वय किती? भागाकार केला की २५. ३६० मेंढ्या आणि १० कुत्रे? पुन्हा भागाकार, ३६. वर्गात ७ रांगांत प्रत्येकी ४ बाकं, बाईंचं वय? गुणाकार, २८. वर्गात १२ मुली आणि १३ मुलगे, बाईंचं वय? बेरीज, २५. जहाजावर ३६ मेंढ्या होत्या, १० पाण्यात पडल्या, कप्तानाचं वय? वजाबाकी, २६. उजव्या खिशात ४ लॉलीपॉप, डाव्या खिशात ९ चॉकलेटं, बाबांचं वय? बेरजेने १३ येतात, ते बाबांना पुरत नाहीत; गुणाकाराने ३६ येतात.

प्रत्येक प्रश्नात एक दार उघडं ठेवलेलं आहे आणि ते दार माणसाच्या वयाच्या आकड्यात उघडतं. आपल्या वर्गासाठी हा प्रश्न नव्याने बेतताना नेमकी इथेच चूक होते. होडीत ४० टोपल्या बांगडे आणि ५० टोपल्या सुरमई, तांडेलाचं वय किती, असं विचारलं तर बेरीज ९०, वजाबाकी १०, गुणाकार २०००. एकही दार उघडत नाही. मुलं अडखळतात आणि शिक्षकाला वाटतं, आपली मुलं हुशार निघाली. खरं तर सापळाच बसला नव्हता. आकडे बदलले की चारही क्रिया कागदावर करून बघायच्या आणि निदान एका क्रियेचं उत्तर २० ते ६० मध्ये येतं ना, हे तपासायचं.

मराठीत आणून हा प्रश्न विचारताना आणखी एक गोष्ट होते. आपल्याकडे ‘शेळ्या-मेंढ्या’ हा जोडशब्दच आहे. कळप एकच, धनगरही एकच. भाषेने बेरीज आधीच करून ठेवलेली असते, मुलाला फक्त अधिकचं चिन्ह काढायचं उरतं. पंचवीस-तीस किलोमीटर आणि दहा रुपये अशा बेमेळ जोडीपेक्षा या जोडीला बेरीज जास्त सहज चिकटते.

मेंढपाळाचं वय काढणारं मूल

१९८० च्या दशकात स्वित्झर्लंडमधले संशोधक कुर्ट रॉयसर यांनी १२५ मेंढ्या आणि ५ कुत्र्यांचं उदाहरण मुलांना मोठ्याने विचार करत सोडवायला सांगितलं. त्यातलं एक उत्तर या प्रकरणातला सगळ्यात बोलका पुरावा आहे. मूल आधी बेरीज करतं: १३०, हे फार मोठं झालं. मग वजाबाकी: १२०, अजूनही मोठंच. मग भागाकार: २५. हे जमतं. मेंढपाळ पंचवीस वर्षांचा.

या मुलाने डोकं वापरलं नाही असं कोण म्हणेल? माणूस एकशेतीस वर्षांचा नसतो हे त्याला माहीत आहे, आणि ते माहीत असणं त्याने दोनदा वापरलं. फक्त वापरलं ते उत्तर चाळायला, प्रश्न तपासायला नाही. चाळण आहे, पण ती जात्याच्या खाली लावली आहे. धान्य वरून ओतताना त्यात खडे आहेत का हे बघायचं काम त्याला कोणी सांगितलेलंच नाही.

हा फरक कळला की उपायही बदलतो. ‘उत्तर बरोबर वाटतं का ते बघ’ असं आपण मुलांना सांगत असतो. या मुलाने ते बघितलं. बघूनच ते फसलं.

वहीत काय काय गृहीत असतं

फ्रेंच गणितशिक्षणतज्ज्ञ गी ब्रूसो यांनी याला वर्गातला अलिखित करार म्हटलं. शिक्षक काय विचारतील आणि विद्यार्थ्याने काय द्यायचं, याबद्दल दोघांमध्ये न बोलता ठरलेलं असतं. आपल्या शाब्दिक उदाहरणांचा करार उलगडून लिहिला तर साधारण असा होईल: विचारलं आहे म्हणजे उत्तर असणारच, ते एकच असणार आणि आकड्यात असणार, दिलेले सगळे आकडे वापरायचे, एकही उरता कामा नये, न दिलेलं काही बाहेरून आणायचं नाही, आणि क्रिया सध्या चालू असलेल्या धड्यातलीच असणार. गुणाकाराच्या धड्याखाली गुणाकाराचीच उदाहरणं असतात हे दुसरीतल्या मुलाला कोणी सांगावं लागत नाही.

यातली एकही समजूत मूर्खपणाची नाही. पाठ्यपुस्तकातल्या जवळजवळ प्रत्येक उदाहरणात त्या खऱ्याच ठरतात. जो विद्यार्थी या करारावर विश्वास ठेवतो तो वर्षभर पैकीच्या पैकी गुण मिळवतो.

वर्गात हा करार ऐकूही येतो. ‘बाई, यात बेरीज करायची की वजाबाकी?’ हा प्रश्न ज्याने शिकवलं आहे त्याने ऐकलेला असतो. विचारणारं मूल उदाहरण समजून घेण्यासाठी थांबलेलं नसतं. कुठलं हत्यार उचलायचं एवढंच त्याला हवं असतं. आणि आपणच त्याला खुणा शिकवलेल्या असतात. ‘एकूण’, ‘मिळून’ आलं की बेरीज. ‘उरले’, ‘शिल्लक’, ‘फरक’ आलं की वजाबाकी. ‘प्रत्येकी’ आलं की गुणाकार किंवा भागाकार. या खुणा कुठे दगा देतात ते बघायला जहाजापर्यंत जायला नको: ‘सीमाकडे १२ गोट्या आहेत. त्या राजूच्या गोट्यांपेक्षा ५ ने जास्त आहेत. राजूकडे किती?’ ‘जास्त’ दिसलं की हात बेरजेकडे जातो आणि १७ लिहिले जातात. उत्तर ७ आहे.

मग वहीचा साचा येतो. रीत. उभी मांडणी. खाली रेघ. ‘उत्तर : कप्तानाचे वय ३६ वर्षे आहे.’ शेवटच्या ओळीत ‘वर्षे’ हा शब्द कुठून आला? वरच्या दोन ओळींत मेंढ्या आणि शेळ्या होत्या, रेघेखाली वर्षं झाली. एकक बदललं, आणि ते बदलतं आहे हे कुणालाच खटकलं नाही, कारण उत्तराचं वाक्य प्रश्नाच्या वाक्यावरून उतरवून काढायचं हेही करारातच आहे. तपासणाऱ्याने लाल शाई वापरायची तर ती ३६ वर नाही, या ‘वर्षे’वर वापरावी.

आता याच मुलाला मधल्या सुट्टीत विचारा: झाडावर दहा पक्षी बसले होते, शिकाऱ्याने एकाला गोळी घातली, झाडावर किती उरले? ‘नऊ’ म्हणणाऱ्याला बाकीचे हसतात. एकही नाही, सगळे उडाले! हे कोडं आपल्याकडे इतकं जुनं आहे की ते सोडवतात म्हणण्यापेक्षा पाठ असतं म्हणणं बरं. आकडे तसेच, वजाबाकी तशीच, ‘उरले’ ही खूणही तशीच. पण इथे वजाबाकी करणारा तो बावळट. कारण ‘ओळखा पाहू’ म्हटल्याबरोबर दुसरा करार लागू होतो: आता सरळ उत्तर द्यायचं नाही, आता बाहेरचं जग आणायचं. गंमत अशी की ‘एकही नाही’ हे उत्तरही तितकंच गृहीतांवर उभं आहे. मेलेला पक्षी फांदीत अडकला असेल तर? बाकीच्यांत पिल्लं असतील तर? कोड्याच्या करारात तेवढं खोल जायची मुभा नसते. जो जातो त्याला आगाऊ म्हणतात.

म्हणून ‘लपलेलं गृहीतक’ मुलाच्या डोक्यात शोधण्यात अर्थ नाही. मूल तेच, तासिका बदलली की उत्तर बदलतं. गृहीतक विचारणाऱ्याबद्दल आहे: हा माणूस आपल्याला नीट प्रश्न विचारतो आहे. भाषेचे तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी संभाषणाचा पायाच हा मानला होता, की समोरचा सहकार्य करतो आहे असं धरून आपण ऐकतो आणि त्याने सांगितलेलं कामाचं असणार असं समजतो. मेंढ्यांचा उल्लेख झाला म्हणजे मेंढ्या कामाच्या. फसव्या कोड्याचं सगळं भांडवल हा विश्वास आहे.

मोठी मुलं, खरी उदाहरणं

कप्तानाचा प्रश्न निदान उघडउघड वेडगळ आहे. पण हाच करार सुटण्याजोग्या उदाहरणातही घात करतो, आणि माझ्या मते काळजी करायची तर त्याची करावी. अमेरिकेत तेरा वर्षांच्या मुलांच्या राष्ट्रीय पातळीवरच्या एका चाचणीत, जिचे निकाल १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले, असा प्रश्न होता: एका बसमध्ये ३६ सैनिक बसतात. ११२८ सैनिकांना न्यायला किती बस लागतील? ७० टक्के मुलांनी भागाकार बरोबर केला. पण एकूण मुलांपैकी २९ टक्क्यांनी लिहिलं ‘३१, बाकी १२’. १८ टक्क्यांनी लिहिलं ३१. ३२ लिहिणारे फक्त २३ टक्के. एसटी स्टँडवर उभं राहून कोणी ‘एकतीस गाड्या, बाकी बारा’ म्हणत नाही. उरलेले बारा लोक कंट्रोलरच्या खिडकीशी भांडायला येतात. वहीत मात्र बाकी १२ हे पूर्ण उत्तर असतं, कारण तिसरी-चौथीपासून भागाकार तसाच लिहायचा असतो.

बेल्जियममध्ये १९९४ मध्ये लिव्हन फर्शाफेल आणि सहकाऱ्यांनी पाचवीच्या ७५ मुलांना अशीच उदाहरणं दिली. त्यातलं एक: अडीच मीटरच्या ४ फळ्या विकत घेतल्या, त्यांतून १ मीटरच्या किती फळ्या निघतील? ४ × २.५ = १०. सुताराला विचारा, तो म्हणेल आठ. प्रत्येक फळीतून दोनच निघतात आणि अर्धा मीटरचे चार तुकडे उरतात. तुकडे जोडून फळी होत नाही. बहुतेक मुलांनी दहा लिहिले. पुढे कागदावर आधीच इशारा लिहून पाहिला गेला, की यातली काही उदाहरणं जशी दिसतात तशी सोपी नाहीत. त्याने फारसा फरक पडला नाही. ‘नीट वाचा’ असं फळ्यावर लिहिण्याचा उपयोग किती, याचा अंदाज यावरून यावा.

२०१८ च्या सुरुवातीला चीनच्या सिचुआन प्रांतात, नानचोंग शहरातल्या शुनचिंग भागात, पाचवीच्या परीक्षेत नेमका हाच प्रश्न आला: २६ मेंढ्या, १० शेळ्या, कप्तानाचं वय. उत्तरपत्रिकांचे फोटो समाजमाध्यमांवर फिरले आणि पालक चिडले. स्थानिक शिक्षण विभागाने खुलासा केला की ही चूक नाही, मुलं चिकित्सकपणे विचार करतात का ते पाहायचं होतं. एका मुलाने लिहिलं, कप्तान किमान १८ वर्षांचा असणार, कारण अल्पवयीन मुलाला जहाज चालवता येत नाही. एकाने ३६ लिहून कारणही दिलं: जनावरांची संख्या आपल्या वयाइतकी असावी अशी कप्तानाची इच्छा असेल. नंतर एका वाचकाने इंटरनेटवर हिशेब मांडला: जनावरांचं सरासरी वजन धरलं तर माल ७७०० किलो होतो, ५००० किलोहून जास्त माल नेणाऱ्याकडे पाच वर्षं जुना परवाना हवा, परवाना २३ व्या वर्षाआधी मिळत नाही, म्हणजे कप्तान निदान २८ वर्षांचा. नियम त्याने सांगितले तसे असोत-नसोत, त्याने काय केलं ते बघण्यासारखं आहे. आकडे तेच घेतले, पण प्रत्येक पायरीला ‘हे कशावरून’ याचं उत्तर दिलं.

तरी परीक्षेत हा प्रश्न घालणं मला पटत नाही. परीक्षेत करार सगळ्यात कडक असतो, कोरी जागा म्हणजे शून्य. तिथे ‘सांगता येत नाही’ लिहायला लागणारं धाडस गणितातलं नसतं.

वर्गात करायचं असेल तर

३५ मिनिटांची एक तासिका पुरते. एका कागदावर ८ उदाहरणं: पाच साधी, एक जास्तीच्या माहितीचं, एक अपुऱ्या माहितीचं आणि एक कप्तानाच्या जातीचं. कप्तान पहिला किंवा शेवटचा ठेवू नये, पाचव्या-सहाव्या जागी ठेवावा. पहिला आला तर मुलं शिक्षकाच्या चेहऱ्याकडे बघायला लागतात.

जास्तीच्या माहितीचं असं: सकाळी ८ वाजता सुटलेल्या एसटीत ४२ प्रवासी होते. पहिल्या थांब्यावर १५ उतरले, ७ चढले. आता किती? उत्तर ३४, जो ८ कुठेतरी मिळवतो किंवा वजा करतो, त्याच्या डोक्यात ‘सगळे आकडे वापरायचे’ हे कलम पक्कं आहे. अपुऱ्या माहितीचं असं: एक पेन्सिल ५ रुपयांना. रेणूने काही पेन्सिली घेतल्या आणि ५० रुपयांची नोट दिली. तिला किती परत मिळाले? इथे ४५ लिहिणाऱ्याने ‘काही’ हा शब्द वाचूनही गिळला.

पहिली १० मिनिटं सोडवायला बंदी. पेन्सिल फक्त खूण करायला: सुटेल, माहिती जास्त आहे, माहिती कमी आहे. पुढची १० मिनिटं जोडीने बोलायचं आणि ‘कमी’ म्हटलेल्या प्रत्येक उदाहरणाखाली एक वाक्य लिहायचं: काय कळलं तर हे सुटेल? या वाक्याने खरं काम होतं. पेन्सिलींच्या उदाहरणाखाली ‘किती पेन्सिली ते’ असं येतं. कप्तानाखाली ‘कप्तानाचा जन्म कधीचा ते’ असं येतं, आणि ते लिहिताना मेंढ्या आपोआप गळून पडतात. उरलेल्या वेळात सुटणारी उदाहरणं सोडवायची.

बिघडतं ते बहुधा शिक्षकाच्या वागण्याने. ३६ वाचून हसलं की ते मूल पुढच्या वेळी वर्गासाठी उत्तर देतं, उदाहरणासाठी नाही. ‘नक्की?’ हा शब्द फक्त चुकीच्या उत्तरानंतर विचारला की मुलं त्याचा अर्थ ‘चूक’ असाच शिकतात. तो बरोबर उत्तरानंतरही तितक्याच वेळा विचारावा. आणि कागदभर सापळेच लावले तर दुसऱ्या दिवशी साध्या बेरजेखालीही ‘माहिती अपुरी’ असं येऊ लागतं. जुना करार मोडत नाही, फक्त नवा येतो: बाई फसवतात, तेव्हा काही सोडवायचंच नाही.

ते तपासण्यासाठी आठवड्याने दुसरा कागद द्यावा. त्यात कप्तान पुन्हा आणायचा, पण असा: एका जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत. कप्तानाचं वय मेंढ्यांच्या संख्येपेक्षा शेळ्यांच्या संख्येइतक्या वर्षांनी जास्त आहे. तर कप्तानाचं वय किती? आता उत्तर खरोखर ३६ आहे. जहाज आणि मेंढ्या दिसताच जी मुलं हुशारीने ‘सांगता येत नाही’ लिहून मोकळी होतात, त्यांनी दुसरं वाक्य वाचलेलंच नसतं. त्यांचे कागद वेगळे काढायचे आणि त्यांच्याबरोबर पहिल्या दहा मिनिटांचं, पेन्सिल न चालवण्याचं काम पुन्हा करायचं.